शब्दांचे अवयव

धागा आणि कापड यांचा संबंध सोलापूरकरांना शिकवावयास नको. न्यायशास्त्रातही हाच दाखला आहे: तंतू हे अवयव, पट हा अवयवी. असाच भाग आणि पूर्ण यांचा संबंध शब्दाशब्दांतही असतो. 'चादर' हा कापडाचा प्रकार झाला. 'काठ' हा मात्र चादरीचा भाग. चादरीला आपण कापड म्हणू शकतो, पण काठाला कोणी चादर म्हणत नाही. प्रकार आणि भाग यांची गल्लत करू नये, हे पहिले पथ्य.

दुसरे असे की, वस्तू एकच असली तरी प्रत्येक भाषा तिचे भाग आपल्या रीतीने पाडते. इंग्रजीत खांद्यापासून मनगटापर्यंत 'आर्म' आणि मनगटापुढे 'हँड'. घोट्यापर्यंत 'लेग' आणि त्याखाली 'फूट'. आपण हात आणि पाय एवढेच म्हणून मोकळे होतो. हाताचे बोट 'फिंगर', पायाचे 'टो'; आपल्याकडे दोन्ही बोटेच. आपण हाताची बोटे पाच म्हणतो. इंग्रज पुष्कळदा चारच 'फिंगर' मोजतो आणि 'थंब' म्हणजे अंगठा निराळा काढतो.

ही केवळ पंडितांची चर्चा आहे काय? सोलापुरात 1877 साली पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि यंत्रांबरोबर अपघातही आले. पुढे 1923 साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला, तो इंग्रजीत. त्याच्या सुधारलेल्या परिशिष्टात कमाईच्या शक्तीची हानी अवयववार ठरविलेली होती: करंगळी पूर्ण गेल्यास 7 टक्के, तर्जनीस 14, अंगठ्यास 30, 'हँड' गेल्यास 60 आणि खांद्याच्या सांध्यातून हात गेल्यास 90.

आता जखमी माणूस सांगणार, "साहेब, हात गेला." तो साठाचा की नव्वदाचा?

यावरून मराठी दरिद्री ठरत नाही. खांदा, दंड, कोपर, मनगट, पंजा, तर्जनी, करंगळी असे नेमके शब्द आपल्याजवळ आहेत. पण गरज पडल्याखेरीज आपण ते काढीत नाही. म्हणून अर्ज लिहिताना किंवा भाषांतर करताना 'हँड म्हणजे हात' एवढ्यावर थांबू नये. कोठून कोठवर, हे लिहावे. तो एक शब्द राहिला, तर तीस टक्क्यांचा फरक एखाद्या घराला सोसावा लागतो.