इंग्रजी क्रियापद आणि आपली घरची बोली

इंग्रजीचा तास ज्यांस जड जातो अशा विद्यार्थ्यांचें एक गाऱ्हाणें आमच्या कानीं वारंवार येतें. ते म्हणतात, "उताऱ्यांतील शब्द सारे ओळखीचे होते, पण वाक्याचा अर्थ कांहीं केल्या लागेना." पालकांसही याचें कोडें पडतें. मुलानें शब्दांच्या वह्या भरल्या, अर्थ घोकले, मग परीक्षेच्या वेळीं अडलें कोठें? आम्ही पाहतों तों बहुधा तें क्रियापदापाशीं अडलेलें असतें. नाम ओळखीचें असलें म्हणजे पुष्कळदां काम भागतें. क्रियापदाचें तसें नाहीं. शेजारीं कोणता शब्द येऊन बसला आहे हें पाहून तें आपला अर्थ बदलतें.

'पुट' हें क्रियापद घ्या. त्याचा अर्थ 'ठेवणें' हा नवशिक्या मुलासही ठाऊक असतो. त्यास 'ही पुट आउट द लॅम्प' हें वाक्य दिलें, तर तो बेधडक लिहितो, 'त्यानें दिवा बाहेर ठेविला.' त्याचा हिशेब सरळ आहे. 'पुट' म्हणजे ठेवणें, 'आउट' म्हणजे बाहेर. परंतु वाक्यांतला दिवा बाहेर ठेविलेला नसून विझविलेला असतो! तेंच क्रियापद 'ऑन' शेजारीं आला म्हणजे कपडे अंगांत घालूं लागतें, 'ऑफ' आला म्हणजे काम पुढें ढकलतें, आणि 'अप विथ' असे दोघे आले म्हणजे निमूटपणें सोसूं लागतें. मुलगा रागावून म्हणतो, ही भाषाच मुळीं लहरी आहे.

ही तक्रार आम्हांस मान्य नाहीं. कारण आपली भाषाही या बाबतींत कांहीं कमी नाहीं. १८४५ सालीं रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडांतून नागपुरास आले, तेव्हां त्यांस मराठी शिकणें भागच होतें. (पुढें त्यांनीं गोंडी शब्दही टिपून ठेविले, तीं टिपणें त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ सालीं छापून निघालीं.) अशा परक्या माणसाच्या जागीं आपण क्षणभर बसून पाहावें. 'मारणें' म्हणजे काय हें त्यास कोणीं सांगितलें, आणि मग तो बाजारांत गेला. तेथें लोक हाक मारतात, उडी मारतात, गप्पा मारतात, आणि कोणालाही इजा होत नाहीं. 'खाणें' हा शब्द तो शिकला, तों एकजण मार खातो, दुसरा शपथ खातो, तिसरा तळ्याकांठीं हवा खात बसतो. कोशांतील पहिला अर्थ तेवढा पाठ करणाऱ्याची येथें काय गत होईल? मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं प्रसिद्ध झाला व त्याची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. त्यांत 'तोंड' हा शब्द काढून पाहावा. मूळ अर्थ थोडक्यांत आटोपतो. खालीं वाक्प्रचारांची रांग लागलेली दिसते. आमचे विद्यार्थी कोश उघडतात तेव्हां ही रांग सोडून देतात, आणि त्यांस हवा असलेला अर्थ नेमका तेथेंच असतो.

याहून अधिक जवळचें साम्य आहे तें असें. 'लिहून घे', 'लिहून दे', 'लिहून ठेव', 'लिहून टाक', 'लिहून काढ' या पांचही ठिकाणीं लिहिण्याची क्रिया एकच आहे. पण घेण्यांत स्वतःची सोय आहे, देण्यांत दुसऱ्याची. ठेवण्यांत पुढें उपयोग होईल हा विचार आहे, टाकण्यांत काम एकदांचें संपविण्याची घाई आहे, आणि काढण्यांत पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सर्व उतरविण्याचें कष्ट आहेत. जें काम मराठी भाषा मागून जोडलेल्या क्रियापदाकडून करून घेते, तें इंग्रजी भाषा पुष्कळदां 'अप', 'आउट', 'डाउन' अशा लहान शब्दांकडून करून घेते. 'ईट अप' म्हणजे 'खाऊन टाक', 'टेअर अप' म्हणजे 'फाडून टाक', 'राइट डाउन' म्हणजे 'लिहून घे' किंवा 'लिहून ठेव'. 'ईट अप' म्हणतांना कांहीं वर जात नाहीं, हें खरें; पण 'खाऊन टाक' म्हणतांना आपण तरी काय टाकतों? प्रत्येक 'अप' चा अर्थ असाच लागेल असें मात्र कोणीं समजूं नये. 'लुक अप' म्हणजे केव्हां वर पाहणें, केव्हां कोशांत शब्द शोधणें. येथें मागचापुढचा संबंध हाच वाटाड्या.

आतां काळाकडे वळूं. आमच्या नागपुराकडील बोलींत 'काय करून राहिला?' असें विचारतात, आणि 'अभ्यास करून राहिलो' असें उत्तर येतें. पुण्याकडील मंडळी यास हंसतात. त्यांनीं खुशाल हंसावें. इंग्रजी शिकणाऱ्या मुलास हें 'राहिलो' फार उपयोगी आहे. पुस्तकी मराठींत 'करीत आहें' असें रूप आहे खरें, पण 'मी येतों' हें एकच वाक्य रोजच्या येण्यासही चालतें आणि आतां निघालेल्या माणसाच्या तोंडींही शोभतें. इंग्रजींत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. 'आय स्टडी' म्हणजे माझा अभ्यास करण्याचा परिपाठ आहे. 'आय ॲम स्टडीइंग' म्हणजे या घटकेस पुस्तक पुढें उघडें आहे. जेथें घरीं 'राहिलो' म्हणाल तेथें 'इंग' लावून पाहावें; बहुतेक ठिकाणीं तें बरोबर बसतें.

बहुतेक म्हटलें, सर्व नव्हे. कारण आम्ही 'समजून राहिलं न?' असेंही विचारतों, आणि त्याचेंच 'आर यू अंडरस्टँडिंग?' होतें. इंग्रजी कान तें सहसा स्वीकारीत नाहीं. जाणणें, समजणें, विश्वास असणें, मालकीचें असणें या स्थिति आहेत, चाललेलीं कामें नव्हेत. म्हणून 'आय ॲम नोइंग' किंवा 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' म्हणूं नये. 'मला दोन भाऊ आहेत' यांतील 'आहेत' या शब्दाच्या ओढीनें 'ॲम' येतो, असें आम्हांस वाटतें. असाच एक घसरडा दगड 'काल' या शब्दापाशीं आहे. 'मी त्यास काल पाहिलें आहे' हें मराठींत चालतें; 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' हें इंग्रजींत चालत नाहीं. गेलेला दिवस नांवानिशीं सांगितला कीं 'हॅव' काढावा आणि 'आय सॉ हिम यस्टरडे' म्हणावें.

सर्वांत मोठा घोटाळा प्रयोगांचा. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं प्रसिद्ध झालें, आणि त्यांच्यासमोर नमुना होता लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा. एका भाषेचें व्याकरण दुसरीच्या सांच्यांत बसवूं गेलें तर कोठें तरी ओढाताण व्हावयाचीच. उलट दिशेनें तीच ओढाताण आमच्या वर्गांत रोज होते. 'रामानें आंबा खाल्ला', 'रामानें पोळी खाल्ली', 'रामानें केळें खाल्लें' या तीन वाक्यांत क्रियापद रामाकडे पाहतच नाहीं. तें खाल्लेल्या वस्तूच्या मागें जातें. हा कर्मणि प्रयोग. इंग्रजी 'पॅसिव्ह' यासही कर्मणि म्हणतात, एवढ्यावरून मुलगा 'अ मँगो वॉज ईटन बाय राम' असें लिहितो. व्याकरण मोडत नाहीं, पण वाक्याचा रोख बदलतो. मराठी वाक्य रामाची हकीकत सांगत होतें, तें आंब्याची सांगूं लागलें. इंग्रजींत येथें सरळ 'राम एट अ मँगो' म्हणावें. वस्तु कोणतीही असो, 'एट' बदलत नाहीं. 'पॅसिव्ह' ची जागा निराळी आहे. 'शाळा स्थापन झाली', 'पूल बांधण्यांत आला' अशा वाक्यांत कर्ता मागें राहतो. तेथें इंग्रजींत 'वॉज फाउंडेड', 'वॉज बिल्ट' हें सहज येतें.

म्हणून वहींत 'पुट = ठेवणें' अशी ओळ लिहूं नये. 'ही पुट आउट द लॅम्प' हें सबंध वाक्य लिहावें आणि त्याच्यासमोर घरच्या बोलींत आपण जें म्हणूं तें लिहावें. ज्या पालकांस इंग्रजी येत नाहीं त्यांसही ही वही तपासतां येईल. मुलास मराठी बाजू वाचावयास सांगून विचारावें, 'हें काम रोजचें, चालू असलेलें, कीं झालेलें? आणि केलें कोणीं?' मुलगा जेथें अडखळेल, त्या ओळीवर खूण करून ती वही दुसऱ्या दिवशीं शाळेंत पाठवावी.