साखर कारखाना शिवारातच का?

सांगली-कोल्हापूरकडे एसटीने जाताना खिडकीची जागा पटकवा. दोन्ही बाजूंना हिरवागार ऊस आणि मधेच एक उंच धुराडं! जवळ ना बंदर, ना मोठं शहर. मग एवढा कारखाना इथे शिवारात कशाला बांधला?

उत्तर दडलंय वजनकाट्यावर. 100 किलो उसातून साखर किती निघत असेल? पन्नास किलो? छे! जेमतेम 10-11 किलो. बाकी बहुतेक सगळं पाणी आणि चिपाड. हा ऊस मुंबईला नेऊन गाळायचा म्हटलं, तर दहातल्या नऊ ट्रकांचं भाडं पाणी आणि चिपाडावरच जाईल!

शिवाय ऊस थांबायला तयार नसतो. कोयता पडला, की त्याच्यातली साखर हळूहळू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज व्हायला लागते, आणि त्यांचे साखरेसारखे दाणे पडत नाहीत. म्हणून तोडलेली मोळी शक्य तितक्या लवकर, जमलं तर दिवसाभरात, गव्हाणीत पडावी लागते. तिथून ऊस सरकत सरकत चरकात जातो. रस एकीकडे, चिपाड दुसरीकडे. आणि गंमत बघा, तेच चिपाड बॉयलरमध्ये जळतं, त्यावर पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर अख्खा कारखाना चालतो. ऊस स्वतःचं सरपण स्वतःच घेऊन येतो! मला तर साखरेपेक्षा याचंच जास्त अप्रूप वाटतं.

कापसाचं मात्र वेगळं. सरकी काढलेल्या कापसाचं सूत केलं, तर थोडासा कचरा सोडून वजन जवळजवळ तेवढंच राहतं. मग तो दूर नेला तरी काय बिघडलं? म्हणूनच मुंबईत कापसाचं एक बोंडही पिकत नसताना 1856 साली ताडदेवला कावसजी दावरांची कापडगिरणी सुरू झाली. यंत्रं आणायला बंदर होतं, आणि सूत सहजी तुटू नये अशी दमट हवाही होती.

उसाला ही मोकळीक नाही. 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी कारखाना उभारला, तोही प्रवरा नदीच्या भागात लोणीला, उसाच्या मधोमध. त्याच्या भोवती प्रवरानगर वसलं. पुढे शाळा आल्या, कॉलेजं आली, दवाखाना आला.

पण ऊस तोडायचा कुणी? दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या कोरडवाहू भागांतून हजारो कुटुंबं निघतात आणि उन्हाळा लागेपर्यंत फडाजवळ कोप्या करून राहतात. पहाटेच्या थंडीत आई-बाबा तोडणीला जातात, आणि तुमच्याच वयाची मुलं मागे धाकट्या भावंडांना सांभाळतात. त्यांच्या गावच्या शाळेत तेव्हा हजेरी चालू असते. त्यांचं वर्ष बुडू नये म्हणून काही कारखान्यांजवळ हंगामापुरत्या साखरशाळा भरवल्या गेल्या. त्या प्रत्येक कारखान्याजवळ हव्यात, अगदी पहिली मोळी गव्हाणीत पडते त्या दिवसापासून.