बचावाचा हिशेब कोण ठेवणार?

२९ डिसेंबर २०२४ रोजी बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात प्रो कबड्डीच्या अकराव्या हंगामाचा अंतिम सामना झाला. हरियाणा स्टीलर्सने पाटणा पायरेट्सला ३२-२३ असं हरवलं आणि हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मोहम्मदरझा शादलुई या इराणी खेळाडूला मिळाला. मुळशी तालुक्यातल्या माणहून हिंजवडी, वाकड ओलांडून मुळा नदीपलीकडे गेलं की बालेवाडी येते. म्हणजे मुळशीच्या अगदी उंबऱ्यावर एका पकडी करणाऱ्या माणसाचा असा गौरव झाला. तो दुर्मीळ होता, म्हणूनच त्याचा विचार करायला हवा. कबड्डीत सामने बचावावर जिंकले जातात आणि नाव चढाईचं होतं, अशी कुरकुर जुनी आहे. माझं म्हणणं त्यापुढचं आहे. हा निव्वळ प्रेक्षकांच्या आवडीचा दोष नाही. बचावपटू जे काम करतो, त्यातलं निम्मं आपण कधी नोंदवतच नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याला पुढे ना बक्षीस मिळतं, ना वारसदार.

आधी आकडे पाहू. पहिल्या अकरा हंगामांत सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळालेल्यांमध्ये पकडीसाठी ओळखले जाणारे दोनच : २०१५ मध्ये मनजीत छिल्लर आणि २०२४ मध्ये शादलुई. दोघंही अष्टपैलू, चढाईतही गुण आणणारे. बाकीचे मानकरी मुख्यतः चढाईच्या जोरावर तिथवर पोहोचले. पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं, त्या हंगामात पलटणकडून खेळणाऱ्या शादलुईने पकडींचे ९९ गुण घेतले होते. सर्वोत्तम बचावपटू तोच ठरला, पण सर्वोत्तम खेळाडू ठरला कर्णधार अस्लम इनामदार. अस्लमच्या गुणवत्तेबद्दल शंकाच नाही. प्रश्न मोजपट्टीचा आहे. एका हंगामातला चढाईच्या गुणांचा विक्रम प्रदीप नरवालच्या नावावर आहे, २०१७ मधले ३६९ गुण. पकडींमध्ये शंभरी गाठणारा पहिला खेळाडू नितेश कुमार, २०१८-१९ च्या हंगामात, नेमके १०० गुण. एका यादीत ३६९ आणि दुसऱ्या यादीत १०० असतील, आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून सर्वोत्तम कोण ते ठरवायचं असेल, तर निकाल आधीच लागलेला असतो.

ही तफावत नियमांतूनच येते. चढाईपटू एका चढाईत दोन, तीन, चार गुण मिळवू शकतो. बचावाला एका पकडीचा एक गुण. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना केलेल्या अव्वल पकडीचे दोन. आणि हा गुण साखळीतल्या चौघांनी मिळून कमावला तरी वैयक्तिक तक्त्यात तो एकाच्याच नावावर चढतो. डाव्या कोपऱ्यातल्या खेळाडूकडे जरा जवळून पाहिलं म्हणजे किती काम निसटतं ते कळतं. चढाईपटूने निदान रेषा ओलांडली आणि बोनस रेषेकडे पाय टाकला, की कोपरारक्षक अर्धं पाऊल मागे सरतो. डोळे चढाईपटूच्या हातांकडे नसतात, कमरेकडे असतात. हात फसवतात, कंबर फसवत नाही. शरीराचा भार पुढच्या पायावर गेला त्या क्षणी तो झेपावतो आणि दोन्ही पंजांनी घोटा धरतो. मध्यरेषा जेमतेम पावणेपाच मीटरवर असते, उंचापुरा खेळाडू झेप घेतो तेव्हा हे अंतर काहीच नाही. शेजारचा मध्यरक्षक अर्धा क्षण उशिरा पोहोचला, तर धरलेला पाय कोपरारक्षकाला फरफटत मध्यरेषेपर्यंत नेतो आणि जितक्यांचा स्पर्श झाला तितके गुण समोरच्याला मिळतात. त्यामुळे चांगला कोपरारक्षक बहुतेक वेळा झेपावतच नाही. तो जागा अशी धरतो की चढाईपटूला पाय टाकायचं धाडस होऊ नये. तीस सेकंद संपत येतात, चढाईपटू रिकामा परततो. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर तोच बाद. म्हणजे तिसऱ्या चढाईतली पकड पहिल्या दोन चढायांत तयार झालेली असते. त्या रिकाम्या चढाया चढाईपटूच्या नावापुढे उणी बाजू म्हणून दिसतात. त्या कोणी रिकाम्या पाठवल्या, हे वैयक्तिक गुणतक्त्यात सापडत नाही.

अमेरिकन फुटबॉलमध्ये हाच प्रश्न जास्त ठळक आहे, कारण तिथे बचावाची तुकडीच वेगळी असते. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेकीआधीच लोळवणं म्हणजे सॅक. ही बचावपटूची सर्वांत मोठी कामगिरी, पण तिची अधिकृत मोजणी तिथल्या व्यावसायिक लीगने १९८२ मध्ये सुरू केली. डीकन जोन्स हा त्या कलेचा आद्य उस्ताद १९६१ ते १९७४ खेळला, म्हणून अधिकृत दप्तरी त्याच्या नावावर एकही सॅक नाही. असोसिएटेड प्रेसचा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार बचावपटूंना दोनदाच मिळाला : १९७१ मध्ये अ‍ॅलन पेज, १९८६ मध्ये लॉरेन्स टेलर. हा खेळ आपल्याकडे आणण्याचा प्रयत्नही झाला होता. २०११ मध्ये जाहीर झालेल्या एलीट फुटबॉल लीग ऑफ इंडियात ‘पुणे मराठाज’ नावाचा संघ होता. लीगच्या पाठीशी उभ्या राहिलेल्यांत ब्रँडन छिल्लर होता. वडिलांकडून भारतीय असलेला हा लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू, ग्रीन बे पॅकर्सच्या २०१० च्या विजेत्या संघात होता. मात्र दुखापतीमुळे मोसमाच्या अखेरीस तो मैदानाबाहेरच राहिला. लीग आपल्याकडे रुजली नाही. रुजायला तिला जागा तरी कुठे होती? अंगावर येणाऱ्याला धरून पाडण्याची विद्या या मातीत कधीची आहे. मुळशी-मावळच्या तालमींत पट काढायला शिकलेल्या पोराला मांडी पकड निराळी शिकवावी लागत नाही.

बचाव कोसळला किंवा समोरचा बचाव अभेद्य ठरला, तर काय होतं, याचा धडा जकार्तात मिळाला. ऑगस्ट २०१८ मधल्या आशियाई क्रीडा स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७-१८ असं हरवलं. १९९० पासून प्रत्येक वेळी सुवर्ण घेणारा पुरुष संघ कांस्यपदकावर थांबला. त्या संघात प्रदीप नरवाल, राहुल चौधरी, अजय ठाकूर, आपला रिशांक देवाडिगा असे एकाहून एक चढाईपटू होते. चाळीस मिनिटांत अख्ख्या संघाचे मिळून गुण अठरा. समोर होती इराणच्या फाझल अत्राचलीची बचावफळी. त्याच भारतीय संघात महाराष्ट्राचा डावा कोपरारक्षक गिरीश इरनाक होता. त्याच वर्षाच्या सुरुवातीला महाराष्ट्राने अकरा वर्षांनी वरिष्ठ गट राष्ट्रीय अजिंक्यपद परत आणलं होतं, आणि पुढे पुणेरी पलटणचं कर्णधारपदही गिरीशकडे आलं. इतकं असूनही कबड्डीप्रेमी माणसाला त्याची एखादी पकड आठवायला सांगा. रिशांकच्या चढाया चटकन आठवतील. पकडीला गोष्ट नसते असं नाही, ती सांगायची सवय आपल्याला नाही.

यावर पहिला आक्षेप बाजाराचा. शादलुईला पलटणने २०२३ च्या लिलावात २ कोटी ३५ लाखांना घेतलं, मग अन्याय कुठे आहे? पण त्याच लिलावात सर्वांत मोठी बोली लागली चढाईपटू पवन सेहरावतवर, आणि शादलुईची किंमत त्याच्या अष्टपैलूपणाचीही होती. शिवाय लिलाव शिखरावरच्या मोजक्यांची किंमत सांगतो. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा काय शिकायचं ते ठरवताना गुणतक्ता पाहतो. दुसरा आक्षेप मोलाचा आहे. मनजीत, गिरीश, सुरजित सिंग, फाझल अशा पकडीच्या माणसांना पलटणने वेळोवेळी कर्णधार केलं, म्हणजे मान मिळतोच की. हे खरं आहे, आणि ते माझ्याच बाजूने बोलतं : संघ चालवणाऱ्यांना बचावाची किंमत कळते, नोंद ठेवणाऱ्यांना कळलेली नाही. तिसरा आक्षेप सर्वांत जड. चढाईपटू सात जणांच्या तोंडी एकटा जातो, जोखीम त्याची. बचाव सामुदायिक असतो, त्याचं श्रेय एकेकाला वाटणार कसं? एकट्याच्या धाडसाला जास्त टाळ्या मिळाव्यात, याबद्दल माझं भांडण नाही. पण वाटणी अवघड आहे म्हणून हिशेबच ठेवायचा नाही, हे चालणार नाही. पकडीचा आरंभ कोणी केला, साथ कोणी दिली, कोणाच्या बाजूने चढाई रिकामी गेली, हे चित्रफीत पाहून सहज लिहिता येतं. अवघड वाटणारी सॅकसुद्धा अखेर मोजली गेलीच, अर्धी अर्धी वाटूनही.

आपल्या गावोगावच्या स्पर्धा याबाबतीत एक पाऊल पुढे आहेत. जिल्हा पातळीपासून मंडळांच्या सामन्यांपर्यंत ‘उत्कृष्ट चढाई’ आणि ‘उत्कृष्ट पकड’ ही बक्षिसं जोडीने देण्याची महाराष्ट्राची रीत आहे. मात्र ‘उत्कृष्ट पकड’ देताना पंचांच्या हाती पकडींच्या गुणांपलीकडे काही नसतं, आणि स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू निवडताना पुन्हा चढाईचा आकडा जिंकतो. म्हणून माण-हिंजवडीपासून भोसरी-चाकणपर्यंत जी मंडळं स्पर्धा भरवतात, त्यांना विनंती आहे. येत्या स्पर्धेत गुणलेखकाच्या तक्त्यात दोन रकाने वाढवा : एक पकडीतल्या साथीचा, दुसरा रिकाम्या पाठवलेल्या चढायांचा. खर्च एका कागदाचा आहे. एक मोसम ही नोंद ठेवा, ती राज्य संघटनेकडे पाठवा आणि स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट खेळाडू कोण, हे त्या तक्त्यावरून ठरवा.