मुशी आणि पाकट : समज, गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबईच्या ससून गोदीपासून मालवणच्या किनाऱ्यापर्यंत जेथे जेथे मासळी उतरते, तेथे तेथे मुशी, कानमुशी, पाकट आणि वागळी पिढ्यान्‌पिढ्या येत आल्या आहेत. आणि तरीही, ज्या प्राण्यांशी आपला इतका जुना परिचय आहे, त्यांच्याविषयी जितक्या भ्रामक कल्पना लोकमानसात ठाण मांडून बसल्या आहेत तितक्या दुसऱ्या क्वचितच कोणा जलचराविषयी असतील. शास्त्रज्ञ ज्यांना कास्थिमत्स्य म्हणतात, त्या वर्गात मुशी, पाकट आणि खोल समुद्रातले किमेरा अशा बाराशेंहून अधिक जाती मोडतात. त्यांच्याविषयीच्या भ्रमांचे निरसन केवळ ज्ञानासाठी नव्हे, तर त्यांच्या अस्तित्वासाठीही आवश्यक झाले आहे.

गैरसमज : हाडे नसल्यामुळे हे मासे उत्क्रांतीत मागे राहिलेले आहेत.

वस्तुस्थिती : आपल्या कानाच्या पाळीत आणि नाकाच्या शेंड्यात जी लवचीक कास्थी असते, तिचाच मुशीचा सांगाडा घडलेला असतो हे खरे, परंतु त्या कास्थीच्या पृष्ठभागावर कॅल्शियमयुक्त सूक्ष्म तुकड्यांचे एक अखंड जडावकाम असते आणि त्यामुळे जबड्यासारख्या भागांना लवचीकपणा न गमावता बळकटी लाभते. इतर बहुसंख्य माशांना तरंगण्यासाठी वाताशय असतो; तो मुशीपाशी नाही, आणि ती उणीव हलक्या सांगाड्याने व तेलाने भरलेल्या मोठ्या यकृताने भरून निघते. मंगोलियात सापडलेल्या आणि २०२० साली वर्णन केलेल्या, सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीच्या ‘मिंजिनिया’ या माशाच्या कवटीत अस्थीचे अवशेष आढळले, तेव्हापासून असे मानण्यास सबळ आधार मिळाला आहे की मुशींच्या पूर्वजांपाशी हाड होते आणि त्यांच्या वंशाने ते पुढे सोडून दिले असावे. बाजारातल्या मुशीच्या अंगावरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर तो सहज घसरतो, पण उलट फिरवला तर खरचटतो. कारण तिचे खवले म्हणजे मागे झुकलेले, दंतिन आणि लुकणाचे खरेखुरे सूक्ष्म दातच असतात. ज्या कातडीची घडण इतकी नेटकी, तिच्या धनिणीला अविकसित कसे म्हणावे?

गैरसमज : मुशीला कर्करोग होत नाही, म्हणून तिची कास्थी औषधी आहे.

वस्तुस्थिती : विल्यम लेन या अमेरिकी लेखकाने १९९२ साली याच आशयाच्या शीर्षकाचे पुस्तक काढले आणि मुशीच्या कास्थीच्या भुकटीचा व्यापार फोफावला. वास्तविक मुशी-पाकटांच्या शरीरात गाठी होतात याच्या नोंदी त्यापूर्वीही शास्त्रीय वाङ्मयात होत्या. २००४ साली त्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांत खुद्द कास्थीच्याही गाठी होत्या. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ३७९ रुग्णांवर कास्थीच्या अर्काची जी रीतसर चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाला : आयुष्य वाढले नाही. रोग्याच्या आशेवर चालणारा असा व्यापार रोग्याचेही अहित करतो आणि मुशीचेही.

गैरसमज : मुशी मैलभरावरून रक्ताचा थेंब हुंगते आणि माणसाच्या शोधात असते.

वस्तुस्थिती : मुशीचे घ्राणेंद्रिय तीक्ष्ण आहे यात शंका नाही, परंतु गंध पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहत यावा लागतो, आणि वाटेत तो विरत जातो, म्हणून मैलभर दूरच्या थेंबाची वार्ता तिला लागणे शक्य नाही. तिची खरी विस्मयकारक शक्ती वेगळीच आहे. तिच्या मुस्कटावर बारीक छिद्रे दिसतात; त्यांतून आत गेलेल्या, चिकट द्रवाने भरलेल्या नलिकांचे वर्णन इटालियन वैद्य स्तेफानो लोरेंझिनी याने १६७८ सालीच केले होते, पण त्या कशासाठी असाव्यात हे कोडे जवळजवळ तीन शतके सुटले नाही.

ते सोडवणाऱ्यांत अग्रगण्य असलेले डच शास्त्रज्ञ आड्रियानस कॅलमाइन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तपशिलाने सांगण्याजोगा आहे. आपल्या लेपीच्या जातकुळीचा एक चपटा मासा त्यांनी अगर-अगरच्या पेटीत ठेवून वाळूखाली पुरला. अगरमधून विद्युत्‌क्षेत्र आरपार जाई, पण वास आणि दर्शन दोन्ही अडत, आणि पेटीतून वाहून येणारे पाणी थोड्या अंतरावर बाहेर सोडलेले असे. भुकेली लहान मुशी आली ती वास येणाऱ्या जागी न थांबता थेट दडलेल्या माशावर तुटून पडली. पेटीत जिवंत माशाऐवजी त्याचे तुकडे ठेवले, तेव्हा मात्र ती पाणी बाहेर पडे तेथेच घुटमळत राहिली. अगरवर प्लास्टिकचा पातळ पडदा घातला, तेव्हा तिला जिवंत माशाचाही सुगावा लागेना. आणि शेवटी वाळूत नुसते विद्युद्‌ग्र पुरून माशाइतकाच क्षीण प्रवाह सोडला, तेव्हा ती त्या विद्युद्‌ग्रांवरच झडप घालू लागली. जिवंत देहाच्या स्पंदनातून निर्माण होणारी वीज ओळखणारे असे इंद्रिय मनुष्याला लाभलेले नाही.

राहिला नरभक्षणाचा आरोप. फ्लोरिडा नैसर्गिक इतिहास संग्रहालयात मुशींच्या हल्ल्यांचे जे जागतिक दफ्तर ठेवलेले आहे, त्यानुसार चिथावणीवाचून झालेले दंश वर्षाला सुमारे साठ-सत्तर आणि त्यांतले मृत्यू सरासरीने पाच-सहा भरतात. उलट, २०१३ च्या एका अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे मनुष्याच्या हातून दरवर्षी सुमारे दहा कोटी मुशी मरतात. फिर्यादी कोण आणि आरोपी कोण, हे या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे.

गैरसमज : पोहणे थांबले की मुशी गुदमरून मरते.

वस्तुस्थिती : तोंड उघडे ठेवून वेगाने पोहत कल्ल्यांवरून पाणी वाहते ठेवणाऱ्या काही जातींपुरते हे खरे. अनेक जाती गालांच्या हालचालीने पाणी आत ओढतात आणि तळाशी तासन्‌तास स्वस्थ पडून राहतात. वाळूत रुतून बसणारे पाकट तर डोळ्यांमागच्या छिद्रांतून पाणी घेते.

गैरसमज : मासाच तो, लाखो अंडी घालतो, कितीही धरला तरी समुद्र भरून काढतो.

वस्तुस्थिती : सर्व गैरसमजांत हाच सर्वांत घातक आहे. सुरमई लाखोंच्या संख्येने अंडी पाण्यात सोडते. मुशी-पाकटांचा संसार निराळ्या हिशेबाने चालतो. यांच्यात गर्भधारणा शरीराच्या आत होते आणि बहुसंख्य जाती पिलांनाच जन्म देतात. काही मुशींची पिले नाळेने मातेशी जोडलेली असतात, हे ॲरिस्टॉटलने ग्रीक सागरातल्या एका जातीविषयी लिहून ठेवले होते. १८४२ साली जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी सप्रमाण दाखवून देईपर्यंत ते बहुतेकांना पटले नाही. आपल्या किनाऱ्यावरची सोनमुशी, जिचे विच्छेदन भारतातील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी ‘स्कोलिओडॉन’ या नावाने केले, ती याचा उत्तम दाखला होय : तिचे अंडे जेमतेम एक मिलिमीटरचे, त्यात पोषक बलक जवळजवळ नाहीच, आणि म्हणून गर्भाचा सारा निर्वाह नाळेवर. एका वेळी साधारण सहा ते अठरा पिले, प्रत्येक वीतभरापेक्षाही लहान. आणि हीच मुशींमधली त्यातल्या त्यात लेकुरवाळी जात. महाकाय मांटा पाकट वर्षभराच्या गर्भावस्थेनंतर बहुधा एकच पिलू देते. उत्तर अटलांटिकमधल्या ग्रीनलंड मुशीच्या डोळ्यांतील भिंगांच्या २०१६ च्या परीक्षणावरून ती प्रजननक्षम होण्यास सुमारे दीडशे वर्षे लागत असावीत असे दिसते. ज्यांची आमदनी इतकी अल्प, त्यांच्यावर सुरमईच्या हिशेबाने वसुली लादली, तर दिवाळे निघणारच : २०२१ च्या जागतिक परीक्षणात कास्थिमत्स्यांच्या एक तृतीयांशाहून अधिक जाती धोक्यात आल्याचे आढळले.

गैरसमज : बाळंतिणीला मुशी खाऊ घातली की दूध वाढते, म्हणून ती निर्धोक.

वस्तुस्थिती : समजूत मायेपोटी रुजलेली आहे, तथापि मोठ्या शिकारी माशांच्या मांसात पारा साठत जातो, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भवती व स्तनदा मातांनी मुशी टाळावी असे स्पष्ट सांगितले आहे. बाळंतिणीच्या ताटात बांगडा वा तारली वाढणे अधिक हिताचे.

कायद्याने आपल्याकडे काही तरतूद केली आहे : महाकाय व्हेल शार्कला २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले, २०१५ साली मुशीच्या परांच्या निर्यातीवर बंदी आली, आणि महाराष्ट्रात संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमारास नुकसानभरपाई देण्याची योजनाही आहे. परंतु हुकूम कितीही निघाले तरी त्यांचा अंमल अखेर बंदरावरच्या माणसाच्या हातून व्हायचा असतो. जाळ्यात आलेली गाभण मुशी वा वीतभर पिलू जिवंत असेल तर पुन्हा पाण्यात सोडावे, आणि गिऱ्हाइकाने असली पिले विकत घेण्याचे नाकारावे, एवढी साधी शिस्त आपल्या किनाऱ्याने पाळली, तरी ज्या कुळाने चाळीस कोटी वर्षे समुद्र राखला त्याला आणखी काही पिढ्यांची उसंत मिळेल, आणि त्याच्यावर पोट असलेल्या कोळी व गाबीत घरांनाही.