जयंतीच्या वर्गणीतून साखरही तपासू या!

ज्या नाशकात बाबासाहेबांनी २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह उभारला, तिथेच आम्ही त्यांच्या जयंतीला डीजेसाठी वर्गणी काढतो. त्याच बाबासाहेबांना मधुमेहाने पोखरले, हे मात्र विसरतो. अवघ्या ६५ व्या वर्षी समाज पोरका झाला. आज आमच्या वस्तीत कुणाची साखर, कुणाचा रक्तदाब वाढलाय, कुणाला ठाऊक? पाचवे शील वंदनेत म्हणायचे नि विहाराबाहेर मोडायचे, हेही आमचेच.

संविधानाच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. तिशीनंतरची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. ती हक्काने मागू या. आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतः आंघोळ घातली होती. मग येत्या पौर्णिमेपासून प्रत्येक विहारात वंदनेनंतर तपासणी का नको?