डिपर कुठे पडतो

टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजारातून भरलेले पिकअप संध्याकाळी वाशीकडे निघतात. आळेफाटा, ओतूर, मालशेज, मुरबाड, कल्याण असा रात्रभराचा रस्ता. पावसाळ्यात मालशेजमध्ये धुकं असं दाटतं की वळणावरचा कठडा बॉनेटजवळ येईपर्यंत दिसत नाही. त्यामुळे या चालकांच्या हाती चार पैसे आले की आधी टायर बदलले जातात आणि मग हेडलाइट. संपादकांना लेख हवा होता समोरून अंगावर येणाऱ्या पांढऱ्याफेक दिव्यांबद्दल. मला वाटलं, हे दिवे बसवून देणाऱ्याकडे आधी जावं. म्हणून आळेफाट्याजवळच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या गाळ्यात जाऊन बसलो. चालक त्यांना नुसतं ‘मिस्त्री’ म्हणतात, मीही तेच म्हणतो.

हेडलाइटचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. आधी कार्बाइडचे दिवे, मग साधे विजेचे बल्ब, 1940च्या सुमाराला अमेरिकेत काच-रिफ्लेक्टर-फिलामेंट एकत्र बंद केलेला सीलबीम, 1962मध्ये युरोपात हॅलोजन. 1971मध्ये एच-फोर आला. एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट, अप्परचं म्हणजे लांबच्या उजेडाचं साठ वॉटचं आणि डिपरचं म्हणजे खाली झुकलेल्या उजेडाचं पंचावन्न वॉटचं. आपल्याकडच्या असंख्य गाड्या अजून याच बल्बवर चालतात.

मी अडकलो तो या बल्बपाशी. मिस्त्रींनी एक जळका एच-फोर माझ्या हातावर ठेवला आणि आतली इवलीशी पत्र्याची वाटी दाखवली. ती डिपरच्या फिलामेंटच्या खाली असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून डिपरला रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग कामी येतो आणि तिथून परतलेला उजेड रस्त्याकडे झुकतो. भिंतीवर पाहिलं तर वर अंधार, खाली उजेड आणि मध्ये स्पष्ट रेघ. रेघेची डावी बाजू किंचित वर चढते, कारण आपण डावीकडून गाडी चालवतो आणि कडेचा माणूस, बैल, दगड आपल्याला दिसायला हवा. एवढं सगळं त्या वाटीवर आणि फिलामेंटच्या जागेवर अवलंबून आहे. फिलामेंट मिलिमीटरभर सरकलं तरी रेघ विस्कटते. पन्नास वर्षांपूर्वी इतक्या कमी सामानात कुणीतरी हे साधलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

त्या संध्याकाळी आलेल्या पिकअपची तक्रार नेहमीची होती. ‘मिस्त्री, उजेडच पडत नाय. एलईडी टाका.’ मिस्त्रींनी बल्बला हात लावला नाही. इंजिन चालू ठेवून, डिपर लावून त्यांनी बॅटरीवर मीटर धरला. 14.1 व्होल्ट. मग हेडलाइटच्या होल्डरवर, बल्ब जोडलेला असतानाच. 12.2. मधले जवळपास दोन व्होल्ट वाटेत गेले होते. ड्रिपच्या लांब नळीवर शेवटच्या झाडाला पाणी कमी मिळतं, तसंच हे. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या कॉम्बिनेशन स्विचमधून फिरून पुढे येतो. वायर बारीक, स्विचचे पॉइंट काळे पडलेले, जोड हिरवे झालेले. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने घटतो. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड सुमारे तीस टक्के जातो. या गाडीचा हिशेब केला तर तिच्या चालकाला बल्बचा साठ टक्केच उजेड मिळत होता. बल्बचा दोष काहीच नव्हता.

पुढची तपासणी मला सगळ्यात आवडली. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी होल्डरच्या अर्थच्या टोकावर. इथे शून्याच्या आसपास यायला हवं, आले 0.8. म्हणजे चोरी दोन्ही बाजूंनी होती, आणि अर्थिंगची बाजू बहुतेक जण तपासतच नाहीत. मिस्त्रींनी अर्थचा बोल्ट काढला, खालचा रंग आणि गंज पत्रा चमकेपर्यंत खरवडला, नवीन थिंबल लावलं. मग रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच. त्याच्या तीस नंबरच्या पिनला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली जाड वायर, सत्त्याऐंशीवरून हेडलाइट, पंच्याऐंशी-शहाऐंशीवर कॉइल. हे आकडे जर्मन मानकातून आले, आज आळेफाट्यापासून जगाच्या टोकापर्यंत तेच चालतात. आता स्विचला फक्त रिलेची कॉइल ओढायची होती, दहा अँपिअरचा भार जाड वायरवर गेला. पुन्हा मीटर धरला तेव्हा होल्डरवर 13.7 आले. जुनेच बल्ब, आणि समोरची भिंत उजळली. चालक काही वेळ भिंतीकडे पाहत राहिला.

हे न करता जे शंभर-नव्वद वॉटचे बल्ब टाकतात, त्यांचे वितळलेले होल्डर मिस्त्रींकडे डबाभर आहेत. शंभर वॉटचे दोन म्हणजे सतरा अँपिअरच्या आसपास. फ्यूज उडतो म्हणून कुणी मोठा फ्यूज घालतो, आणि मग फ्यूजऐवजी वायर जळते.

पण प्रत्येक गिऱ्हाईक रिलेवर समाधान मानत नाही, आणि खऱ्या अडचणी तिथून सुरू होतात. खोक्यावर वीस हजार लुमेन छापलेलं असतं. मिस्त्रींनी तसला एक एलईडी बल्ब लावून करंट मोजला. दोन अँपिअर, म्हणजे पंचवीस-सव्वीस वॉट. वॉटमागे दोनशे लुमेन धरले, आणि ते फारच उदारपणे धरले, तरी पाच हजारांच्या फार वर जात नाही. तरीही तो झगझगीत दिसला. कारण गाडीपुढच्या पाच-सात मीटरवर त्याने पांढरा सडा घातला होता. जवळचं इतकं उजळलं की डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात आणि लांबचं उलट कमी दिसतं. भिंतीवरची रेघ पार विरघळली होती. चिप ही फिलामेंटसारखी बारीक तार नाही. ती पट्टीच्या दोन्ही अंगांना चिकटवलेली असते, आणि पट्टी जाड असली की उजेडाची जागाच बदलते. बल्बची कॉलर फिरवून चिपची तोंडं बरोबर डावी-उजवीकडे आणली तेव्हा रेघ थोडी जुळली, पण वर पसरलेला उजेड गेला नाही. तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि निळसर पांढरा असल्याने पिवळ्यापेक्षा जास्त खुपतो.

बाकीची दुखणी एकामागून एक येतात. मागचा पंखा मावत नाही म्हणून रबरी टोपी काढून टाकतात, पहिल्याच पावसात दिव्यात वाफ धरते. हॅलोजनच्या उष्णतेने ती उडून तरी जायची, एलईडीच्या काचेवर ती तशीच बसून राहते. नव्या गाड्यांत बल्ब लुकलुकतो, कारण तिथे पुरवठा तुकड्या-तुकड्यांनी येतो, तो फिलामेंटला चालतो, एलईडीच्या ड्रायव्हरला चालत नाही. काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच पॉझिटिव्हऐवजी निगेटिव्ह बाजू तोडतो, त्यांत साधा एलईडी अप्पर-डिपरचा घोळ घालतो. रेडिओवर खरखर येते. पुण्यातल्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थांच्या चाचण्यांत दिवा कुठल्या जातीच्या बल्बसाठी मंजूर झाला आहे, याला अर्थ आहे. हॅलोजनच्या घरात एलईडी घातला की ती चाचणी त्या दिव्याला लागू राहत नाही. हे गिऱ्हाइकाला सांगून पाहिलं आहे, असं मिस्त्री म्हणाले. तो पुढच्या गाळ्यात जाऊन बसवून घेतो.

सगळं नीट केलं तरी एक गोष्ट उरते, आणि तीच मला जास्त काळजीची वाटते. फोकस लावतात तो दुपारी, रिकाम्या गाडीवर. दहा मीटरवर रेघ दिव्याच्या उंचीपेक्षा दहा सेंटीमीटर खाली. रात्री मागे वीस-वीस किलोचे क्रेट चढतात, पाटे दबतात. पुढच्यापेक्षा मागची बाजू सहा सेंटीमीटर जास्त खाली गेली आणि दोन चाकांमधलं अंतर तीन मीटर धरलं, तर गाडीचं नाक मीटरमागे दोन सेंटीमीटर वर होतं. खाली झुकलेला डिपर आता मीटरमागे एक सेंटीमीटर वर बघतो. दिवा ऐंशी सेंटीमीटरवर असेल तर पन्नास मीटरवर रेघ एक मीटर तीसला पोचते. समोरून येणाऱ्या कारचालकाचे डोळे साधारण तिथेच किंवा थोडे खाली असतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989मधला 106वा नियम सांगतो, की उजेड कायम खाली झुकलेला किंवा चालकाला खाली वळवता येणारा हवा, आणि दिव्यापुढे आठ मीटर, उजवीकडे अर्धा मीटर, जमिनीपासून दीड मीटरवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणारा नको. चुकीच्या बल्बचा पसरलेला उजेड या ठिकाणी सापडू शकेल. पण भरलेल्या पिकअपची रेघ आठ मीटरवर जेमतेम अठ्ठ्याऐंशी सेंटीमीटरला असते. त्या ठिकाणी उभं राहिलं तर काहीच वावगं दिसणार नाही. पूर्वी हेडलाइटच्या काचेचा वरचा भाग काळा रंगवायचे, त्यानेही झुकाव बदलत नव्हता.

डॅशबोर्डवर फोकस खाली-वर करायचं छोटं चाक काही गाड्यांत असतं. भरल्यावर ते फिरवलं की प्रश्न सुटतो. मात्र बाहेरचा पूर्ण हेडलाइट बसवताना फोकस हलवणाऱ्या मोटरची वायर बहुधा जोडलीच जात नाही, आणि चाक नुसतं फिरत राहतं. म्हणून मिस्त्री या कामाला जास्त वेळ मागतात. मोटर जोडून, चाक फिरवून, भिंतीवर रेघ खरंच हलते का ते बघूनच गाडी सोडतात. ज्या गाडीला चाक नाही, तिच्या चालकाला ते माल भरून यायला सांगतात. सपाट जागा, हवा भरलेले टायर, चालक आपल्या सीटवर, आणि मग स्क्रू.

भरल्या गाडीवर लावलेला फोकस वाशीहून रिकामं परतताना नाकासमोर पडतो आणि लांबचं दिसत नाही. मीटरमागे तीन सेंटीमीटर खाली, म्हणजे दिव्यापासून सत्तावीस मीटरच्या आतच उजेड रस्त्याला टेकतो. चालक दुसऱ्या दिवशी गाळ्यावर येऊन तोच स्क्रू वर करून मागतो. मिस्त्री सध्या दोन्हींच्या मधला झुकाव लावून देतात आणि परतीला वेग कमी ठेवायला सांगतात. भरल्या गाडीला तो तरीही थोडा वर पडतो, हे त्यांनी मला भिंतीवर खडूने आखून दाखवलं.