आदिगंगा : नावात उरलेली नदी

कोलकाता शहराच्या दक्षिण भागात कालीघाटाचे प्रसिद्ध मंदिर आहे. मंदिराजवळून एक अरुंद, काळसर पाण्याचा प्रवाह जातो. नवख्या माणसाला तो सांडपाण्याचा नाला वाटतो आणि ‘टॉलीचा नाला’ हेच त्याचे रूढ नाव आहे. भाविक मात्र त्याला ‘आदिगंगा’ म्हणतात. एकच प्रवाह नालाही आणि गंगाही कसा, या प्रश्नाचे उत्तर नदीच्या इतिहासात जसे आहे, तसेच शब्दांच्या अर्थातही आहे.

गंगेचा भागीरथी हा फाटा बंगालमधून दक्षिणेकडे वाहतो. त्यालाच पुढे हुगळी म्हणतात. काही शतकांपूर्वी त्याचा मुख्य प्रवाह आजच्या कोलकात्याजवळ वळून कालीघाट, गडिया, बारुईपूर या मार्गाने समुद्राकडे जात असे. इ.स. १४९५ च्या सुमारास बिप्रदास पिपिलाई या कवीने रचलेल्या ‘मनसाविजय’ या बंगाली काव्यात चाँद सदागर या व्यापाऱ्याचा जलप्रवास याच मार्गाने होतो. कालांतराने नदीने पात्र बदलले. पाणी पश्चिमेकडील मार्गाने वाहू लागले आणि जुना प्रवाह गाळाने भरत गेला.

‘आदि’ म्हणजे पहिला, मूळचा. ‘आदि अशी गंगा ती आदिगंगा’, असा या कर्मधारय समासाचा विग्रह होतो. आदिवासी, आदिमाया, आदिपुरुष या शब्दांत हेच पूर्वपद आहे. मराठीच्या लेखननियमांनुसार हा शब्द सुटा लिहिताना ‘आदी’ असा दीर्घान्त लिहितात. समासात पूर्वपद म्हणून आला की तो ऱ्हस्वान्त राहतो. ‘पूर्वी’ या अर्थाचा ‘आधी’ हा शब्द वेगळा. त्याच्याशी याची गल्लत करू नये.

या नावात एक मर्म दडले आहे. नदी भरून वाहत होती, तोवर तिला ‘आदि’ म्हणण्याचे कारण नव्हते. ती नुसती गंगा होती. दुसरा प्रवाह मुख्य झाला, तेव्हा पहिलीला ओळखण्यासाठी विशेषण जोडावे लागले. गोव्याची राजधानी वैभवात होती, तेव्हा तिला कोणी ‘जुने गोवे’ म्हणत नव्हते. इ.स. १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली. मागे राहिले ते ‘जुने’ ठरले. अशी नावे स्थळाबरोबर त्याच्या गतकाळाचीही खूण सांगतात.

दुसऱ्या नावाची कथा निराळी आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील विल्यम टॉली या अधिकाऱ्याने इ.स. १७७५ ते १७७७ या काळात हा गाळलेला प्रवाह खोदून घेतला आणि पूर्वेकडील विद्याधरी नदीला जोडला. या जलमार्गाने पूर्व बंगालकडे नावा जाऊ लागल्या. बंगालीत त्याला ‘टालीर नाला’ हे नाव पडले. काठावरची वस्ती टॉलीगंज झाली. पुढे तेथे चित्रपटनिर्मिती सुरू झाल्यावर हॉलीवूडच्या धर्तीवर ‘टॉलीवूड’ हा शब्दही घडला.

‘नाला’ म्हणजे मुळात पाण्याचा लहान प्रवाह, ओढा. शहरे वाढली, ओढ्यांत सांडपाणी सोडले गेले आणि ‘नाला’ म्हणताच गटार डोळ्यांपुढे येऊ लागले. शब्दाच्या अर्थाबरोबर माणसांची वागणूकही बदलली. इ.स. २००९ मध्ये मेट्रो रेल्वेचा मार्ग टॉलीगंजच्या दक्षिणेस वाढवण्यात आला, तेव्हा त्याचे सुमारे ३०० खांब याच प्रवाहाच्या पात्रात उभे राहिले. मुंबईकरांना हा अनुभव परका नाही. मिठी नदीला अनेक जण नालाच समजत होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि ती नदी असल्याचे सर्वांना उमगले.

कोलकात्याच्या दक्षिणेकडील गावांत आदिगंगेचे पात्र बुजले असून त्याचे तुकडे तळ्यांच्या रूपाने उरले आहेत. त्या तळ्यांनाही लोक गंगा म्हणतात. ‘घोषेर गंगा’, ‘बोसेर गंगा’, म्हणजे घोषांची गंगा, बोसांची गंगा. मुंबईत वाळकेश्वरचे तळेही ‘बाणगंगा’च आहे. नाशिककर गोदावरीला सहज ‘गंगा’ म्हणतात. वैनगंगा, पैनगंगा, पंचगंगा या नावांतही विशेषनामाचे जणू सामान्यनाम झाले आहे. पवित्र जल ते गंगा, हा भाव बंगालप्रमाणे महाराष्ट्रातही रुजला आहे.

तथापि केवळ पवित्र नावाने नदी वाचत नाही. आदिगंगेच्या पाण्याला भाविक हात जोडत राहिले आणि त्याच पाण्यात शहराची घाण मिसळत राहिली. नाव एवढेच करते : येथे नदी होती, याचा पुरावा ते जपून ठेवते. तो पुरावा वाचता येणे ही भाषेच्या अभ्यासाची फलश्रुती होय. आणि वाचल्यावर काय करावयाचे, हे मात्र काठावर राहणाऱ्यांनी ठरवावयाचे असते.

स्वाध्याय
१. ‘आदिगंगा’ हे नाव प्रवाह बदलल्यानंतरच का शक्य झाले, ते सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘नाला’ या शब्दाच्या अर्थात कोणता बदल झाला?
३. आपल्या परिसरातील एखाद्या ओढ्याचे किंवा नदीचे जुने नाव वडीलधाऱ्यांना विचारून त्याविषयी आठ ओळी लिहा.